तीन गाड्या, चार दिवस आणि माझे माकडहाड

पुण्याहून पहाटे साडेपाचला निघून कराड जवळ येईपर्यंत माझे लक्ष रस्त्यावर कमी आणि स्वतःच्या बैठकीवर जास्त, अशी अवस्था झाली होती. दीडशे किलोमीटर झाले होते, हवा गार होती, रस्ता रुंद होता, गाडीची काहीही तक्रार नव्हती. तक्रार करत होते ते फक्त माझे माकडहाड. 2022 च्या नोव्हेंबरात, दिवाळीची पाहुणेमंडळी परतल्यावर, आम्ही ही चार दिवसांची फेरी काढली होती ती नेमक्या याच कारणासाठी. पुढच्या वर्षी कन्याकुमारीपर्यंत जाण्याचा बेत मनात होता आणि तेवढ्या अंतरासाठी माझी मोटारसायकल माझ्या शरीराला मानवेल का, हे घराजवळच्या रस्त्यांवर एकदा तपासून पाहायचे होते.

गाड्या तीन होत्या. माझी रॉयल एनफील्ड मीटिओर 350, शाळेपासूनच्या मित्राची हिमालयन 411 आणि मेहुण्याची केटीएम 390 अ‍ॅडव्हेंचर. माझ्या मागे पत्नी होती. मार्ग साधा ठरवला होता: कोल्हापूरवरून संकेश्वर, गडहिंग्लज, आजरा करत आंबोली, तिथून सावंतवाडी, मालवण, देवगड, मग सागरी रस्त्याने रत्नागिरी आणि शेवटी आंबा घाटाने मलकापूर, कोकरूड, कराड करून परत. यात सपाट महामार्ग, घाट, गावांतले अरुंद रस्ते आणि कोकणातली लाल मातीची वळणे हे सगळे एकाच फेरीत येते. दर शंभर-दीडशे किलोमीटरला गाड्या बदलायच्या, हा एकच नियम होता.

मीटिओरची सीट जमिनीपासून 765 मिलिमीटरवर आहे आणि माझी उंची पाच फूट पाच इंच. सिग्नलला दोन्ही पाय सपाट टेकतात, गाडी वळवताना धास्ती वाटत नाही आणि पहिले दोन तास तर घरच्या आरामखुर्चीत बसल्यासारखे जातात. खंबाटकीचा चढ दोघे जण आणि दोन बॅगा घेऊनही ती चौथ्या गिअरमध्ये कुरकुर न करता चढली, कारण तिचा 27 न्यूटन मीटरचा टॉर्क, म्हणजे इंजिनाचा फिरवण्याचा जोर, मिनिटाला चार हजार फेऱ्यांनाच पुरा हाती येतो. गोम आहे ती पायांच्या जागेत. फूटरेस्ट पुढे असल्याने पाय पुढे जातात, पाठ सरळ राहते आणि शरीराचा जवळजवळ सगळा भार बैठकीवर येतो. पुलाच्या सांध्यावर मागचे चाक आपटले की पायांवर भार घेऊन अंग किंचित उचलावे, अशी सोयच उरत नाही. तो दणका थेट कण्यातून वर चढतो. अशा बसण्याच्या ढबीच्या सगळ्याच गाड्यांना हे लागू आहे. आरामखुर्चीत बसून कोणी सहा तास खड्डे खात नाही, एवढाच याचा अर्थ.

त्यात मी निघण्यापूर्वी एक शहाणपणा केला होता. एका दुकानातून सीटवर जाड, मऊ स्पंजाचे आवरण चढवून घेतले होते. दुकानात अंगठ्याने दाबून पाहिले तेव्हा लोण्यासारखे वाटले होते. पण मऊ स्पंज तासाभरात दबून बसतो आणि मग खालची कडक बाजू वर येते. शिवाय मऊ गादीत शरीर रुतते, त्यामुळे बैठकीच्या दोन हाडांनी पेलायचा भार मधल्या नाजूक भागावर सरकतो. सायकलच्या लांब फेऱ्या करणारे लोक अरुंद, कडक सीट का पसंत करतात, हे मला त्या दिवशी कराडला चहा पिताना उमगले. चहा मी उभ्यानेच प्यालो.

पत्नीचे मत मात्र अगदी उलटे होते. मीटिओरच्या माझ्या मॉडेलला मागे पाठीला टेकू आहे आणि मागची सीट रुंद आहे. "अहो, मला तर साताऱ्यानंतर डुलकी लागत होती," असे ती म्हणाली, तेव्हा मला आनंद होण्याऐवजी भीतीच वाटली.

कराडला मी हिमालयन घेतली. तिची सीट 800 मिलिमीटरवर, म्हणजे पाय टेकतात पण टाचा थोड्या उचललेल्या राहतात. बसताक्षणी ती काही मीटिओरइतकी आरामशीर वाटली नाही. शोरूममध्ये पाच मिनिटे बसून निवडायची असती, तर मी तिला नाकारले असते. फरक तासाभराने कळू लागला. हँडल रुंद आणि जरा उंच, पाय जवळजवळ शरीराच्या खाली, त्यामुळे भार तिघांत वाटला जातो: थोडा हातांवर, थोडा पायांवर, उरलेला बैठकीवर. समोर खड्डा दिसला की पायांवर अर्धे उभे राहता येते. दणके झेलणाऱ्या पुढच्या सस्पेंशनला 200 आणि मागच्याला 180 मिलिमीटरची हालचाल आहे, मीटिओरच्या पुढच्याला 130. आकडे वाचताना ही तफावत किरकोळ वाटते, पण संकेश्वरला महामार्ग सोडून आत वळलो आणि तुटलेल्या कडांचा रस्ता सुरू झाला, तेव्हा पाठीने ती मोजून घेतली. पुढचे चाक 21 इंचांचे असल्याने लहानसहान खड्ड्यांत ते पडण्याऐवजी त्यांवरून निघून जाते.

गडहिंग्लजच्या पुढे मात्र त्याच चाकांनी तासभर खाल्ला. मागच्या चाकात खिळा गेला. या गाडीच्या स्पोकच्या चाकात ट्यूब असते. ट्यूबलेस टायर असता तर रस्त्यावरच चिकटपट्टी खुपसून, हवा भरून दहा मिनिटांत निघालो असतो. इथे पंक्चरवाल्याने चाक उतरवले, साबणाचे पाणी लावून टायरची कड सोडवली आणि ट्यूब पाण्याच्या घमेल्यात फिरवत बुडबुडे शोधत बसला. खराब रस्त्यावर स्पोकचे चाक दणके सोसते, पंक्चर झाले की मात्र वेळ मागते; दोन्ही गोष्टी एकाच रचनेतून येतात. मला मात्र त्या तासाचा फायदाच झाला. लाकडी बाकावर पालथा पडून मी पाठ मोकळी केली. मेहुणा म्हणाला, "दाजी, कन्याकुमारीला बाकडं पण बांधून नेऊ."

आंबोलीत पोहोचलो तेव्हा अंधार पडला होता आणि धुके रस्त्यावर उतरले होते. साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास झाले होते. खरा निकाल दुसऱ्या दिवशी सकाळी लागतो, हे माझे जुने मत आहे. जिना उतरताना शरीर काय बोलते, ते ऐकावे. त्या सकाळी माकडहाड ठणकत होते ते मीटिओरच्या हिशेबात, आणि खांदे किंचित भरून आले होते ते हिमालयनच्या रुंद हँडलच्या हिशेबात. गुडघे निमूट होते.

गुडघ्यांची पाळी मालवणनंतर आली. केटीएमची सीट 855 मिलिमीटरवर आहे. चढताना मी पाय जवळजवळ कमरेइतका उचलतो आणि थांबताना फक्त एका पायाचे चवडे टेकतात. चालू गाडीवर याचा काहीच त्रास नाही, उलट उंचावरून रस्ता छान दिसतो. पण कोकणातल्या रस्त्यांवर चालण्यापेक्षा थांबणेच जास्त: समोरून एसटी आली की कडेला उतरा, म्हैस आली की थांबा, वळणापलीकडे आंब्याच्या कलमांचा टेम्पो मागे येत असला की थांबा. देवगडच्या अलीकडे अशाच एका उतरत्या वळणावर मी थांबलो, डावा पाय जमिनीकडे नेला आणि जमीन जिथे असायला हवी होती तिथे नव्हती. कड उतरती होती, जांभ्याची भुसभुशीत खडी होती. गाडी सावकाश, अगदी समजूतदारपणे, डाव्या कुशीवर निजली आणि तिच्याबरोबर मीही. 177 किलो वजन असे तिरके झाल्यावर एकट्याला आवरत नाही. बागेतून दोन गडी धावत आले, त्यांनी गाडी उभी केली आणि त्यांपैकी एकाने माझ्याकडे पायापासून डोक्यापर्यंत पाहून विचारले, "गाडी तुमचीच काय?" या प्रश्नात सगळे परीक्षण आले. दोष गाडीचा नव्हता, माझ्या उंचीचा होता. सहा फुटांचा माझा मित्र तीच गाडी त्याच रस्त्यावर सायकलसारखी फिरवत होता.

इंजिनच्या स्वभावाचाही बसण्याशी संबंध असतो, हे मी आधी फारसे मानत नव्हतो. मीटिओरच्या सिलिंडरचा व्यास 72 मिलिमीटर आणि पिस्टनचा प्रवास 85.8, हिमालयनचे हेच आकडे 78 आणि 86. केटीएममध्ये प्रमाण उलटे, व्यास 89 आणि प्रवास फक्त 60. पहिल्या दोघी लांब ढांगा टाकत सावकाश चालणाऱ्या, तिसरी छोटी पावले टाकत धावणारी. त्यामुळे गावांतून चाळीसच्या वेगाने जाताना पहिल्या दोघी एकाच गिअरमध्ये रेंगाळत जातात, तर केटीएमला सारखा खालचा गिअर हवा असतो आणि संध्याकाळी डावे मनगट बोलू लागते. मात्र चौथ्या दिवशी कराड सोडून महामार्गावर आल्यावर चित्र पालटले. उसाच्या ट्रॉल्यांमागून ट्रक, ट्रकमागून बस अशी रांग लागलेली असताना मीटिओरवर ओलांडायचे की नाही, याचा विचार मी प्रत्येक वेळी करतो: मोकळी जागा किती, मागून कोण येते आहे, दोघांचे वजन घेऊन ती वेळेत जाईल का. केटीएमवर हा विचारच करावा लागला नाही. मनगट जरा वळवले की 43 अश्वशक्ती पुढचे पाहून घेते. तीन तासांत असे पन्नास निर्णय वाचले, तर डोके ताजे राहते. ताकद ही वेगासाठी असते असे समजणाऱ्यांत मी होतो. ती थकवा टाळण्यासाठीही असते, हे मेहुण्याला मी त्याच्या तोंडावर कबूल केले नाही, म्हणून इथे लिहितो आहे. ही गाडी आपल्या चाकणला बनते, याचाही त्याला उगाचच अभिमान आहे.

वाऱ्याचा अनुभव तर सर्वांत चमत्कारिक. हिमालयनच्या काचेमुळे ऐंशीच्या वेगाला माझ्या हेल्मेटभोवती शांतता असते, कारण काचेवरून उसळणारी हवा माझ्या डोक्यावरून निघून जाते. तीच हवा माझ्या मित्राच्या हेल्मेटवर नेमकी आदळते आणि त्याचे डोके दिवसभर डमरूसारखे हलत राहते. वर्षभर तो मला या गाडीचा वारा असह्य आहे असे सांगत होता आणि मी त्याला नाजूक समजत होतो. चार इंचांनी उंच काच बसवली तर कदाचित त्याचे भागेल; मात्र माझी नजर तेव्हा काचेच्या कडेत अडकेल. कानात फोमचे बोळे घालणे हा उपाय मात्र दोघांनाही लागू पडला. वाऱ्याचा सततचा गोंगाट किती थकवतो, हे तो बंद झाल्यावरच कळते. हॉर्न ऐकू येतात, हरवते ती फक्त घरघर.

मागच्या सीटचा निकाल पत्नीने रत्नागिरीला जेवताना दिला. हिमालयनवर तिला पाय ठेवायची जागा आवडली, पण टेकू नसल्याने ब्रेक लावला की ती पुढे येते आणि पुन्हा मागे सरकावे लागते. केटीएमवर ती पावसपासून रत्नागिरीपर्यंतच बसली आणि "मी तुझ्या डोक्यावर बसल्यासारखी वाटते रे," असे भावाला सांगून उतरली. पहिला क्रमांक मीटिओर, दुसरा क्रमांक देण्याची तिला गरज वाटली नाही. पुढे 2023 च्या नोव्हेंबरात हिमालयनचे 450 हे नवे मॉडेल आले, तेव्हा त्याची सीट 825 किंवा 845 मिलिमीटर अशा दोन उंचींवर बसवता येते, हे वाचून मी तिला उत्साहाने दाखवले. "आणि माझी?" एवढेच तिने विचारले.

परतल्यावर मी गाडी बदलली नाही. नाना पेठेत सीट शिवणाऱ्या एका वयस्क कारागिराकडे मीटिओर घेऊन गेलो. त्याने ते मऊ आवरण दोन बोटांनी चिमटीत धरून बाजूला ठेवले, मला गाडीवर बसवले, डोळे मिटून हँडल धरायला सांगितले आणि मागून बराच वेळ पाहत राहिला. "साहेब, तुम्ही मागं घसरताय, म्हणून माकडहाडावर येताय," तो म्हणाला. मग त्याने खडूने सीटवर दोन गोल काढले, मागच्या बाजूला बोटभर रुंदीची खाच आखली आणि कडक फोमचा एक तुकडा आणून त्यावर स्वतःच्या कोपराने जोर देत दाखवले की हा तुकडा दबतो, पण बसत नाही. पुढची बाजू अर्धा इंच उतरवायची, मागची तेवढीच उचलायची आणि खाचेखाली काही भरायचे नाही, असे ठरले. तो पुढच्या सीटवरून खडू मागच्या सीटकडे नेऊ लागला, तेव्हा इतका वेळ गप्प उभी असलेली पत्नी पुढे आली आणि म्हणाली, "दादा, तिथं हात लावायचा नाही."