जीव लावणारी माणसं

आज सुट्टीचा अख्खा दिवस अब्राहम लिंकनच्या सुरुवातीच्या निवडणुकांबद्दल वाचण्यात गेला. डोक्यातून जातच नाहीये.

१८३२ साल. वय २३, इलिनॉयच्या विधिमंडळासाठी उभा. १३ जणांत आठवा आला, पडलाच. पण त्याच्या न्यू सेलम गावात ३०० पैकी २७७ मतं त्याला! ब्लॅक हॉक या मूळ अमेरिकन सरदाराविरुद्धच्या युद्धावर गेल्यामुळे प्रचाराला धड वेळही मिळाला नव्हता. गावातल्या ज्या दांडगट पोरांशी तो कुस्ती खेळला, त्यांनीच त्याला युद्धात कप्तान निवडलं होतं. अशी माणसं भाषणानं मिळत नाहीत हो.

मला सगळ्यात भिडला तो डेव्हिड डेव्हिस. न्यायाधीश, वर्षानुवर्षं लिंकनसोबत कोर्टांच्या दौऱ्यावर गावोगाव फिरलेला. १८६० मध्ये राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार ठरवायला शिकागोत रिपब्लिकन पक्षाचं अधिवेशन भरलं, तेव्हा लिंकन स्वतः आपल्या गावी, स्प्रिंगफील्डमध्येच थांबलेला. इकडे डेव्हिस आणि वकील मित्र एकेका राज्याच्या प्रतिनिधींना गाठतायत. पहिली पसंती दुसरा कुणी असेल तर असू दे, दुसरी आमच्या माणसाला द्या! मतदानाच्या तिसऱ्या फेरीत लिंकनला उमेदवारी मिळाली.

किती पदरमोड, किती जागरणं झाली असतील! आपण मात्र नाव फक्त लिंकनचं लक्षात ठेवतो, याचं खरंच वाईट वाटतं. डेव्हिसवर कुणी काही चांगलं वाचलं असेल तर जरूर सांगा.