क्रँकची हलकी पुली बसवली, पण आधी रबर शोधलं

इंजिनाच्या पुढच्या टोकाला क्रँकशाफ्टवर, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्यावर, एक पुली असते. तिच्यावरच्या एकाच बेल्टवर वीज बनवणारा अल्टरनेटर, वॉटर पंप, स्टिअरिंगचा पंप आणि एसीचा कॉम्प्रेसर अशी सगळी मंडळी पोसली जातात. ही पुली लहान केली की मंडळी हळू फिरतात आणि त्यांच्यावर खर्च होणारी इंजिनाची ताकद थोडी वाचते. हीच अंडरड्राइव्ह पुली. ती बिडाऐवजी ॲल्युमिनियमची केली की वजनही उतरतं.

मी गाडी अधूनमधून ट्रॅकवर नेतो. तिथे इंजिन सतत वरच्या आरपीएमला असतं आणि बेल्टवरची यंत्रं गरजेपेक्षा कितीतरी जोरात फिरतात. या पुलीचं खरं काम तिथलंच. जाहिरातीतले हॉर्सपॉवरचे आकडे मी बाजूला ठेवले होते, कारण हिशोब कागदावर मांडता येतो. वॉटर पंपाला लागणारी ताकद वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. वेग २० टक्क्यांनी उतरला की ताकद जवळजवळ निम्म्यावर येते. अल्टरनेटरचं तसं नाही. हेडलाइटला जेवढे वॅट लागतात तेवढे लागतातच, पुली कितीही लहान असो. शिवाय जड रोलर फिरवून मोजणाऱ्या डायनोवर वजन उतरल्याचा फायदासुद्धा हॉर्सपॉवर म्हणून दिसतो. एकसारख्या वेगाने गाडी चालवताना त्यातलं काही हाती लागत नाही.

खरेदीआधी मी एकच गोष्ट नीट तपासली: कंपनीच्या पुलीत रबर आहे का. बऱ्याच इंजिनांत ही पुली दोन तुकड्यांची असते, आत हब, बाहेर जड कडं आणि मधे रबराची पट्टी. तो हार्मोनिक डॅम्पर. सिलिंडरमधल्या प्रत्येक स्फोटाला क्रँक किंचित पिळला जातो आणि उलटा सुटतो. ठरावीक आरपीएमला ही थरथर एकमेकींत मिळून वाढत जाते, तेव्हा ते बाहेरचं कडं ती शोषून घेतं. डॅम्पर काढून तिथे अखंड ॲल्युमिनियम बसवलं तर ऑइल पंपाचे गिअर फुटण्यापासून क्रँकला तडा जाण्यापर्यंत काहीही होऊ शकतं. ओळीत सहा सिलिंडर असले की क्रँक लांब आणि धोका जास्त. माझं इंजिन चार सिलिंडरचं, लहान क्रँकचं. पुली पुढून-मागून टॉर्च मारून पाहिली, मॅन्युअलमधलं चित्रही पाहिलं. रबर कुठेच नव्हतं, एकच अखंड बीड. मगच पुढे गेलो.

बॅटरीची निगेटिव्ह वायर काढली, पुढचं चाक आणि आतला प्लॅस्टिकचा पडदा उतरवला, बेल्ट कसा फिरतो त्याचा फोटो काढून ठेवला. क्रँकचा बोल्ट हाच खरा पैलवान. फ्लायव्हील लॉक करून लांब दांड्याने जोर दिला, तेव्हा कुठे तो कडकन सुटला. स्टार्टर मारून बोल्ट सोडवायची युक्ती काही जण सांगतात. ती मला पटत नाही. माझ्या क्रँकला 'की' आहे, म्हणजे चक्री जागेवरून सरकू न देणारा धातूचा छोटा तुकडा. त्यामुळे टायमिंग, म्हणजे क्रँक आणि व्हॉल्व्ह यांचा मेळ, हलायची भीती नव्हती. फोर्डच्या ड्युराटेकसारख्या इंजिनांत ही 'की' नसतेच, टायमिंगची चक्रीही त्याच बोल्टच्या दाबावर धरलेली असते. तिथे टायमिंग लॉक केल्याशिवाय बोल्टला हात लावायचा नाही.

जुनी पुली सव्वादोन किलोच्या आसपास भरली, नवी पाऊण किलो. व्यास १४० मिलिमीटरवरून ११२ वर. नव्या पुलीच्या हबवरून मी नख फिरवून पाहिलं, कारण पुढच्या ऑइल सीलचा ओठ त्याच जागी घासतो आणि मऊ ॲल्युमिनियमला तिथे लवकर चर पडते. हब पोलादी होता, खाचांचा भाग तेवढा कडक ॲनोडाइज केलेला. सील नवं टाकलं, ओठाला बोटाने इंजिन ऑइल लावलं. बोल्टही नवा, कारण मॅन्युअलप्रमाणे तो एकदाच वापरायचा: आधी ठरलेल्या जोराने (टॉर्कने) आवळायचा, मग आणखी ९० अंश फिरवायचा. हे काम हातानेच, इम्पॅक्ट गनने नाही. मग पुली डगमगते का ते काट्याने दाखवणारा डायल गेज लावून इंजिन हाताने फिरवलं. काटा जागेवरच डुलत राहिला, पुली सरळ बसली होती.

बेल्टचा मुद्दा बरेच जण विसरतात. जुना होता ६पीके१७८०, म्हणजे सहा खाचा आणि १७८० मिलिमीटर लांबी. पुलीची त्रिज्या १४ मिलिमीटरने घटली आणि बेल्ट तिला साधारण अर्धा वेढा घालतो, म्हणजे जवळपास ४४ मिलिमीटर बेल्ट जादा. १७३५ चा टाकला, बेल्ट ताणून धरणाऱ्या टेन्शनरची खूण दोन रेघांच्या मधोमध आली.

पहिल्या-दुसऱ्या गिअरला इंजिन चटकन आरपीएम घेतं, हे लगेच जाणवलं. वरच्या गिअरला फरक नाही. गाडी उभी असताना इंजिन नुसतं चालू ठेवलं (आयडलिंग) की हिशोब मात्र उलटा. ८०० आरपीएमला माझा अल्टरनेटर पूर्वी साधारण २,२४० ने फिरायचा, आता १,७९० ने, आणि एवढ्या खालच्या वेगात त्याचा करंट झपाट्याने पडतो. रात्री हेडलाइट, ब्लोअर आणि मागच्या काचेचा हीटर एकदम चालू केले तर मीटर १४.२ व्होल्टवरून १३ च्या आसपास उतरतो. जोडीला ॲम्प्लिफायर असता तर बॅटरीच खाल्ली गेली असती. एसी लावून उभं राहिलं की कूलंट पूर्वीपेक्षा चार-पाच अंश वर चढतं, मग पंखा त्याला आवरतो. पार्किंगमध्ये जागच्या जागी चाकं वळवताना स्टिअरिंग जड लागतं. मला चालतं. रोज गर्दीतून गाडी काढणाऱ्याला मी ही पुली सुचवणार नाही.

माझी पुली पाहून मित्र म्हणाला, "मलापण हीच बसवून दे की." त्याचं इंजिन ओळीतल्या सहा सिलिंडरचं. वाकून पाहिलं तर पुलीत रबराची काळी रेघ स्पष्ट दिसत होती. "क्रँकला हात लावायचा नाही," मी म्हटलं. त्याच्यासाठी अल्टरनेटर आणि वॉटर पंपाच्याच पुल्या मोठ्या करायचं ठरवलंय. वेग तसाच उतरतो आणि डॅम्पर जागेवर राहतो. बेल्ट तेवढा लांब लागेल.