‘गहाळ’ म्हणजे एफआयआर नव्हे

शिबिराचा विषय नेहमीचा होता, ‘नवीन फौजदारी कायद्यांची ओळख’. तालुका विधी सेवा समिती पॅनेलवरच्या वकिलांना अशा शिबिरांना पाठवते. सातारा जिल्ह्यातलं एक गाव, ग्रामपंचायतीचा हॉल, साठेक माणसं. त्यात बायका जास्त, कारण बचत गटाची बैठक त्याच दिवशी होती. माझ्या हातात तक्ता होता, डावीकडे जुनं कलम आणि उजवीकडे नवं.

सुरुवात सोपी जाते. १ जुलै २०२४ पासून तीन जुने कायदे गेले आणि तीन नवे आले. १८६० च्या दंडविधानाच्या जागी भारतीय न्याय संहिता, १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि १८७२ च्या पुरावा कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम. पहिला सांगतो गुन्हा कोणता आणि शिक्षा किती, दुसरा सांगतो पोलीस आणि कोर्ट काय करणार, तिसरा सांगतो पुरावा म्हणून काय चालणार.

मग आकड्यांवर हशा पिकतो. न्याय संहितेत कलमंच ३५८ आहेत, त्यामुळे ४२० नावाचं कलम उरलेलंच नाही. फसवणूक आता ३१८(४). खून १०३ मध्ये गेला, आणि नवं ३०२ धार्मिक भावना दुखावणाऱ्या बोलण्याचं आहे. मागच्या बाकावरून एका आजोबांनी विचारलं, “मोर्चाच्या वेळी १४४ लावतात, ते अजून हाय का?” जमावबंदीचा तो आदेश आता नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली निघतो. त्याच संहितेतलं १४४ हे बायको, मुलं आणि आईवडिलांच्या पोटगीचं कलम आहे. “म्हंजे १४४ आता घरातच लागणार,” असं कोणीतरी म्हणालं आणि हॉल हसला.

दारूच्या नशेत सार्वजनिक ठिकाणी धिंगाणा घातला तर कोर्ट समाजसेवेची शिक्षा देऊ शकतं, हे ऐकून तर बायकांनी टाळ्या वाजवल्या. ‘गावात झाडायला माणसं कमी पडणार नाहीत’ हा शेरा सरपंचांचा.

तक्ता तिथेच थांबला. पुढच्या रांगेतल्या, साधारण पंचावन्न वर्षांच्या एक मावशी उठल्या. “माझं मंगळसूत्र ओढलं एसटी स्टँडवर. अकरा दिवस झालं. एफआयआर केलीय, पण कोण काय सांगंना.” त्यांनी पिशवीतून प्लास्टिकच्या पाकिटातला घडी घातलेला कागद काढला.

कागदावर शिक्का होता, सही होती, नोंद क्रमांक होता. आणि वर लिहिलं होतं, ‘मालमत्ता गहाळ झाल्याबाबत दाखला’.

हा कागद मी याआधीही पाहिला आहे, पण एवढ्या जपून ठेवलेला नाही. मोबाइल, पाकीट, आरसी बुक हरवलं की डुप्लिकेट मिळवायला किंवा विम्यासाठी हा दाखला लागतो. त्यात गुन्हा नसतो, आरोपी नसतो, तपास नसतो. ‘गहाळ’ म्हणजे वस्तू तुमच्याच हातून कुठेतरी पडली. गळ्यातून ओढून नेलेलं मंगळसूत्र गहाळ होत नाही.

हॉलमधल्या सगळ्यांना मी एकच विचारलं, पोलीस ठाण्यातून मिळणारे कागद किती प्रकारचे? कोणालाच सांगता आलं नाही. खरं तर हे तक्त्याच्या आधी सांगायला हवं होतं. अर्जाची पोच म्हणजे अर्ज मिळाला, एवढंच. गहाळ दाखला वर सांगितला. एनसी म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद. नागरिक सुरक्षा संहितेत ती कलम १७४ खाली होते, आणि कोर्टाचा आदेश असल्याशिवाय पोलीस तिचा तपास करू शकत नाहीत. एफआयआर म्हणजे त्याच संहितेच्या कलम १७३ खालची नोंद. तिच्यावर ‘प्रथम खबर’ असं छापलेलं असतं, गुन्हा रजिस्टर क्रमांक आणि वर्ष असतं, कायद्याचं नाव आणि कलम असतं. कागद कोणता हे ओळखायला शिक्का बघू नका, कलमाचा रकाना बघा. एफआयआरची प्रत फिर्यादीला किंवा पीडित व्यक्तीला फुकट द्यायची असते, आणि लिहून घेतलेला मजकूर सही घेण्याआधी वाचून दाखवायचा असतो.

मावशींची हकिकत अशी. प्रसंग शेजारच्या तालुक्याच्या स्टँडवर, दुपारी सव्वातीनच्या सुमारास, गाडीत चढताना. घाबरून त्या तशाच गावी आल्या आणि संध्याकाळी इथल्या ठाण्यात गेल्या. तिथे ‘आमची हद्द नाही’ हे उत्तर मिळालं. दुसऱ्या दिवशी तिकडच्या ठाण्यात गेल्या, तर तिथे गहाळ दाखला मिळाला.

पहिलं उत्तरच चुकीचं होतं. हद्द कोणाचीही असो, दखलपात्र गुन्ह्याची, म्हणजे ज्याचा तपास पोलीस कोर्टाच्या आदेशाशिवाय करू शकतात अशा गुन्ह्याची, खबर कोणत्याही ठाण्याने घ्यायची असते. शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवून तो योग्य ठाण्याकडे वर्ग करायचा. पोलीस हे पूर्वीही करत, पण परिपत्रकं आणि कोर्टाच्या निकालांच्या जोरावर. आता ते कलम १७३(१) मध्येच आहे. फोनवरून किंवा ऑनलाइन खबर देता येते, मात्र तीन दिवसांच्या आत सही केली तरच ती नोंदीवर येते. या तीन दिवसांवर बरेच जण अडकतात. ऑनलाइन तक्रार पाठवली, मोबाइलवर मेसेज आला, की काम झालं असं समजून घरी बसतात.

दुसऱ्या ठाण्याचं काय? इथे कायद्यातली एक खाचखळग्याची जागा आहे. न्याय संहितेने ‘झपटमारी’ हा वेगळा गुन्हा केला, कलम ३०४. ऐकायला कडक वाटतं. पण शिक्षा तीन वर्षांपर्यंत, म्हणजे साध्या चोरीइतकीच. आणि तीन ते सात वर्षांच्या आतल्या गुन्ह्यांत कलम १७३(३) पोलिसांना एक सवलत देतं. डीवायएसपींच्या (पोलीस उपअधीक्षकांच्या) परवानगीने, एफआयआरआधी १४ दिवसांत प्राथमिक चौकशी करून प्रथमदर्शनी गुन्हा दिसतो का ते ठरवायचं. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ललिता कुमारी प्रकरणात दखलपात्र गुन्हा दिसला की एफआयआर बंधनकारक ठरवली होती, आणि आधी चौकशी करायची मुभा मोजक्या प्रकारांपुरतीच ठेवली होती. नव्या कलमाने ती मुभा रुंद केली. १४ दिवसांत सोनं वितळून मोकळं होतं. माझ्या मते ही सवलत झपटमारीला द्यायलाच नको होती. पण ती वापरायची तरी परवानगी आधी हवी, मुदत १४ दिवसांची. गहाळ दाखला त्या सवलतीत कुठेच बसत नाही.

मी मावशींना विचारलं, “गळ्याला काही लागलं होतं का?”

“वळ उठला होता की. आता गेला.”

चोरी करण्यासाठी मुद्दाम इजा केली असेल तर प्रकरण झपटमारीच्या पुढे जातं. ती जबरी चोरी, कलम ३०९, शिक्षा दहा वर्षांपर्यंत. इजा केलेली असेल तर त्याहून जास्तही. मग १४ दिवसांची सवलत लागूच होत नाही. जुन्या कायद्यात मंगळसूत्र ओढल्याचे गुन्हे सर्रास जबरी चोरीच्या ३९२ खाली नोंदले जायचे. आता हलका खण तयार झाल्यामुळे, वळाची नोंद कुठेच नसेल तर प्रकरण त्या हलक्या खणात पडतं. म्हणून त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन ओरखडा का होईना, कागदावर आणायचा असतो. मावशी गेल्या नव्हत्या.

पण शेजारणीच्या मुलीने त्या संध्याकाळी गळ्याचा फोटो काढला होता. तो बचत गटाच्या ग्रुपवर फिरलाही होता. हॉलमधल्या चार मोबाइलमध्ये तो लगेच निघाला, आणि सगळे माझ्याकडे जिंकल्यासारखे बघू लागले.

चारही प्रती मी बाजूला ठेवायला सांगितल्या. साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली अशा पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागतं. त्याचा भाग ‘अ’ ज्याच्या ताब्यात ते उपकरण होतं त्याने भरायचा, भाग ‘ब’ तज्ज्ञाने. दोन्हीत फाइलची हॅश किंमत लिहायची असते. हॅश म्हणजे फाइलच्या अंगठ्याचा ठसा. फाइलमध्ये एक कण बदलला तरी ठसा बदलतो. व्हॉट्सअॅप फोटो पाठवताना तो लहान करतं, त्यामुळे ग्रुपवरच्या फोटोचा ठसा मूळ फोटोशी जुळत नाही. ज्या मोबाइलने काढला त्यातलाच मूळ फोटो हवा, न कापलेला, न उजळवलेला. मुलीला बोलावलं. फोटो होता. मोबाइलची मेमरी भरल्यामुळे ती त्याच आठवड्यात गॅलरी साफ करणार होती.

पुढचा पाऊण तास व्याख्यान बाजूला पडलं आणि टेबलावर अर्ज लिहिला गेला. जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकांना, कलम १७३(४) खाली. ठाण्याने एफआयआर नाकारली तर खबरीचा मजकूर लेखी स्वरूपात अधीक्षकांना पोस्टाने पाठवायचा असतो. तेवढ्याने झालं नाही तर मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करता येतो. तिथे या अर्जाची प्रत आणि सोबत प्रतिज्ञापत्र लागतं. म्हणून पोस्टाची पावती आणि पोच फेकायची नाही.

अर्जात ‘अन्याय झाला’, ‘न्याय मिळावा’ अशी वाक्यं पहिल्या मसुद्यात चार होती. ती काढली. तारीख, वेळ, फलाट, कोणत्या गावची गाडी, ओढणारा कोणत्या बाजूने आला आणि कुठे पळाला, हे घातलं. मंगळसूत्र पंधरा ग्रॅम, सोनाराची पावती घरी आहे. एसटीचं तिकीट आहे का? मावशींनी पिशवी पालथी केली, तिकीट निघालं. मावशी त्या दिवशी त्या स्टँडवर होत्या, हे ते तिकीट सांगतं. वळाचा फोटो कोणाच्या मोबाइलमध्ये आहे तेही लिहिलं. शेवटी वेगळा परिच्छेद केला. स्टँडवरच्या कॅमेऱ्यांचं त्या दिवशीचं चित्रण तातडीने जपून ठेवावं. कॅमेऱ्याची साठवण भरली की जुन्यावर नवं चढतं, आणि अकरा दिवस आधीच गेले होते. गहाळ दाखल्याची प्रत जोडली. मूळ दाखला मावशींकडेच ठेवला, कारण त्या ठाण्यात त्या दुसऱ्याच दिवशी गेल्या होत्या याचा तोच पुरावा.

बाकीचे प्रश्न मग घाईत झाले. मे २०२४ मधल्या बांधावरच्या मारामारीला जुनीच कलमं का लावली? कारण गुन्हा कोणत्या तारखेला घडला त्यावर कलम ठरतं. १ जुलैच्या आधीचा गुन्हा जुन्या दंडविधानाखालीच चालणार. साक्षीदार म्हणून आजीला ठाण्यात बोलावलंय? कोणत्याही बाईला, आणि साठीच्या पुढच्या कोणालाही, जबाबासाठी घराबाहेर बोलावता येत नाही, कलम १७९. एका पोराला व्हिडिओ कॉलवर ‘डिजिटल अरेस्ट’ची धमकी आली होती. असा प्रकार तिन्ही कायद्यांत नाही. फोन ठेवायचा, पैसे गेले असतील तर लगेच १९३० ला लावायचा.

नवव्या दिवशी मावशींचा फोन आला, एफआयआर झाली होती, कलम ३०९. फोटो काढलेला मोबाइल पोलिसांनी पंचनाम्यात घेतला, आणि जप्तीचं चित्रीकरणही केलं; कलम १०५ नुसार ते आता बंधनकारक आहे. प्रगती ९० दिवसांच्या आत कळवायची असते, तो दिवस त्यांनी कॅलेंडरवर खूण करून ठेवला.

प्रत मागवून पाहिली. तारीख बरोबर, स्टँड बरोबर, वळाचा उल्लेख आहे. मालमत्तेच्या रकान्यात मात्र वजन ‘१.५ ग्रॅम’. छापली गेलेली एफआयआर खोडून दुरुस्त करता येत नाही. सोनाराची पावती घेऊन पुरवणी जबाब द्यायचा. मावशी म्हणाल्या, “म्हंजे परत एसटीनं जायचं?” मी सांगितलं, नाही, तुमचा जबाब आहे, त्यांना घरी यायला सांगा.