फितींचे फलक : मे ते सप्टेंबरची नोंद

सैनिकांच्या पदकांच्या फिती, म्हणजे पदक ज्या रंगीत पट्टीला लटकतं त्या पट्ट्या, लावलेले जुने फलक मी जमवतो. मे महिन्याच्या शेवटच्या रविवारी पुण्याच्या जुन्या बाजारात माझा सातवा फलक मिळाला. सागवानी चौकट, काच एका कोपऱ्यात तडकलेली, आत हिरवं लोकरी कापड आणि त्यावर एका ओळीत सहा फिती. विकणाऱ्याने तो पितळी समया आणि जुने रेडिओ यांच्या मधे उभा करून ठेवला होता. पदकं नव्हती. ती केव्हाच वेगळी विकली गेली असणार. धातूला गिऱ्हाईक मिळतं, कापडाला मिळत नाही. म्हणून तर असे फलक आपल्यापर्यंत पोचतात.

आधी वाचन. घरी आणल्यावर चार दिवस मी चौकट उघडलीच नाही, भिंग घेऊन नुसता बघत बसलो. डावीकडून पहिली गडद निळी-लाल-फिकी निळी, म्हणजे १९३९-४५ स्टार, दुसऱ्या महायुद्धातलं ताऱ्याच्या आकाराचं पदक. नौदल, भूदल, हवाई दल असे तीन सारखे पट्टे. दुसरी वाळूच्या रंगाची, मधे जाड लाल आणि दोन बाजूंना दोन वेगळ्या निळ्या रेघा : आफ्रिका स्टार. तिसरी लाल-पांढरी-हिरवी-पांढरी-लाल, इटली स्टार. चौथी डिफेन्स मेडलची, मधे आगीचा नारिंगी, कडेला हिरवा आणि त्या हिरव्यात ब्लॅकआउटची (हवाई हल्ल्याच्या भीतीने दिवे मालवण्याची) काळी रेघ. पाचवी वॉर मेडलची, लाल-निळी-पांढरी. आणि सहावी केशरी-पांढरी-हिरवी, स्वातंत्र्य पदक १९४७.

या क्रमातूनच माणसाची वाट दिसते : आफ्रिकेचं वाळवंट, तिथून इटली, मग परत येऊन स्वतंत्र भारताच्या फौजेत. आपल्या भागातल्या कित्येक घरांतली ही वाट आहे. इटलीत मराठा लाइट इन्फंट्रीच्या दोघांना व्हिक्टोरिया क्रॉस, ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक, मिळाला : १० जुलै १९४४ ला टायबरच्या खोऱ्यात नाईक यशवंत घाडगे यांना मरणोत्तर, आणि ९ एप्रिल १९४५ ला सेनिओ नदीवर शिपाई नामदेव जाधव यांना. माझ्या फलकाचा धनी मराठा पलटणीतलाच होता असं मी म्हणत नाही. मोहिमेच्या फितीवरून मोहीम कळते, रेजिमेंट कळत नाही. विकणारे नेमकं उलटं सांगतात आणि त्याचेच पैसे लावतात, तेव्हा नव्याने गोळा करणाऱ्यांनी सावध राहावं.

भिंगाखाली दोन गोष्टी सापडल्या आणि त्या रात्री मला झोप लागली नाही.

आफ्रिका स्टारच्या फितीवर मधोमध दोन बारीक भोकं आहेत, आणि त्यांच्या भोवती कापडाचा रंग बोटाच्या नखाएवढ्या जागेत गडद राहिलेला आहे. तिथे ‘८’ हा आकडा होता. २३ ऑक्टोबर १९४२ ते १२ मे १९४३ या काळात ब्रिटिशांच्या आठव्या आर्मीत जे लढले त्यांना तो क्लास्प, म्हणजे फितीवर बसवायची धातूची पट्टी, मिळायचा, आणि नुसती फीत लावताना त्याच्या जागी चांदीचा छोटा ‘८’ टोचायचे. २३ ऑक्टोबर ही इजिप्तमधली अल अलामीनची लढाई सुरू झाली ती तारीख. आकडा पडला किंवा कोणी काढून घेतला, पण ऐंशी वर्षं उन्हाने त्याच्या भोवतीचं सगळं फिकं केलं आणि त्याची जागा तेवढी राखली.

दुसरी गोष्ट वॉर मेडलच्या फितीवर. तिथे तिरक्या पानाचा ठसा आहे, तसाच न विटलेला. ओकचं कांस्य पान म्हणजे ‘मेन्शन इन डिस्पॅचेस’, सेनापतीच्या अहवालात नावानिशी उल्लेख. शौर्यपदक नाही, तरी लहान गोष्ट अजिबात नाही. पदकं घेऊन गेलेल्याने ही पान लावलेली फीत बघितली असती तर कदाचित अख्खा फलकच नेला असता.

जूनच्या पहिल्या आठवड्यात मागची बाजू उघडली. मागे पातळ लाकडी फळी, चुकांनी (बारीक खिळ्यांनी) ठोकलेली. चुका पूर्ण गंजलेल्या होत्या, दोन तर हात लावताच तुटल्या. आत पुठ्ठा, आणि हिरवं कापड त्या पुठ्ठ्याला सरसाने चिकटवलेलं. जुना पुठ्ठा आम्ल सोडतो, कापडाला पिवळं आणि ठिसूळ करतो, त्यामुळे तो जाणार हे ठरलेलंच होतं. फिती मात्र चिकटवलेल्या नव्हत्या, शिवलेल्या होत्या. काळ्या दोऱ्याने, धावदोऱ्याने, अगदी गोधडीला घालतात तशा सारख्या टाक्यांनी. मी आजवर उघडलेल्या सात फलकांपैकी पाच पलटणीच्या शिंप्याने केलेले होते. त्यांत फितीच्या घड्या मागे वळवून खिळ्याने दाबलेल्या असतात. हा फलक घरात तयार झालेला आहे.

त्याने आणखी एक कोडं सुटलं. स्वातंत्र्य पदकाची फीत उलटी आहे. बघणाऱ्याच्या डाव्या हाताला केशरी हवा, इथे हिरवा आहे. १९३९-४५ स्टार, आफ्रिका स्टार आणि हे पदक, या तीन फितींना दिशा आहे (पहिल्या दोहोंत गडद निळा बघणाऱ्याच्या डावीकडे), म्हणून आपण फलक तपासताना तिथेच आधी बघतो. उलटी फीत दिसली की बहुतेक जण म्हणतात, नंतर कोणीतरी बदलली. मीही तेच धरून चाललो होतो. पण मागे दुमडलेला भाग उलगडून पाहिला : सुईची एकच रांग, दोरा बाकीच्या फितींचाच, दुसऱ्या शिवणीचं एकही भोक नाही. म्हणजे पहिल्यापासून ती तशीच शिवलेली. सरळ करायची का, असं मला दोन मित्रांनी विचारलं. करणार नाही. ज्या हाताने ती शिवली त्या हाताची तीच एक खूण उरली आहे.

बदललेली फीत निघाली ती वेगळीच. अतिनील दिव्याखाली पाच फिती काळोख्या राहिल्या आणि १९३९-४५ स्टारची फीत निळसर चमकली. कपडे शुभ्र दिसावेत म्हणून धाग्यात घालतात ती द्रव्यं दुसऱ्या महायुद्धानंतर सर्रास आली. त्यांच्यामुळे ही चमक येते. खात्रीसाठी घडीतला एक सुटा धागा चिमट्याने काढून जाळून पाहिला. वितळून कडक मणी झाला, म्हणजे कृत्रिम धागा. सुती असता तर जळक्या कागदाचा वास आणि मऊ राख, रेशमी असता तर केस जळल्याचा वास. धागा नेहमी घडीतलाच घ्या, दर्शनी काठाचा कधीही घेऊ नका.

आता या नव्या फितीचं काय करायचं? इथे मला २०१९ ची माझी चूक सांगायला हवी, कारण ती तुमच्यापैकी कोणी करू नये. तिसऱ्या फलकावरची पॅसिफिक स्टारची फीत पार विटलेली होती. हिरवा राखाडी झालेला, पिवळा जवळजवळ पांढरा. मी नवी मागवली, बसवली आणि जुनी फेकून दिली. वर्षभराने आधीचे फोटो मोठे करून पाहताना त्या फितीच्या मधोमध एक गोल गडद डाग दिसला. ते रोझेटचं, फुलाच्या आकाराच्या छोट्या बिल्ल्याचं, ठिकाण होतं. पॅसिफिक आणि बर्मा हे दोन्ही स्टार एकत्र मिळत नसत. आधी मिळालेला लावायचा आणि दुसऱ्याचा क्लास्प म्हणून फितीवर रोझेट. म्हणजे तो माणूस बहुधा मलायात होता, फेब्रुवारी १९४२ मधे सिंगापूर पडलं तेव्हा शत्रूच्या हाती लागला नाही, आणि पुन्हा ब्रह्मदेशात लढायला गेला. हे सगळं त्या डागात होतं आणि तो डाग मी कचऱ्यात टाकला. अजून आठवलं की जीव कळवळतो.

म्हणून सातव्यावर काहीही बदललं नाही. नवी फीत होती तिथेच आहे, मागे पेन्सिलीने नोंद केली : कोणती फीत नंतरची, कशावरून, तपासल्याची तारीख.

साफसफाई थोडक्यात. पाणी लावलं नाही. ओल्या कापसाचा बोळा लाल पट्ट्याच्या मागच्या बाजूला टेकवला तर लगेच गुलाबी झाला. धुतली असती तर पांढऱ्यात लाल उतरलं असतं. फितींवर जाळीचं कापड ताणून अगदी कमी ओढीवर व्हॅक्यूमने धूळ काढली. हिरव्या लोकरीला कसर लागली होती, तीन ठिकाणी कुरतडलेलं आणि अळ्यांची कोषं. म्हणून कापड फितींसकट मऊ कागदात गुंडाळून, पिशवीतली हवा काढून, पंधरा दिवस डीप फ्रीझरमधे ठेवलं. बाहेर काढल्यावर पूर्ण एक दिवस पिशवी उघडायची नाही, नाहीतर थंड कापडावर दव धरतं. घरच्यांनी तेवढे दिवस आइस्क्रीमची जागा सोडली, त्यांचे आभार.

जुलै-ऑगस्ट काम बंद. साताऱ्यात त्या दिवसांत भिंतीसुद्धा ओल धरतात. अशा हवेत चौकट बंद केली तर दमटपणा आतच कोंडला जातो. सप्टेंबरात चार कोरडे दिवस मिळाले तेव्हा आम्लविरहित पुठ्ठ्यावर कापड टाके घालून बसवलं, काच आणि कापड यांच्यात पाच मिलिमीटरची पट्टी सोडली, नव्या चुका पितळी घेतल्या. तडकलेली काच बदलली. फलक आता जिन्याच्या अंधाऱ्या भिंतीवर आहे. कापडासाठी संग्रहालयं ५० लक्सचा प्रकाश धरतात आणि आपल्या दिवाणखान्यात खिडकीशी त्याच्या कितीतरी पट असतो.

आठवा फलक याच काळात आला, देवळालीच्या एका बंद पडलेल्या लष्करी शिंप्याच्या दुकानातून. तो कोणा एकाचा नाही, नमुन्याचा आहे : गिऱ्हाइकाने बोट दाखवायचं आणि शिंप्याने तेवढी फीत कापून द्यायची. परमवीर चक्राची नुसती जांभळी, महावीर चक्राची पांढरी-केशरी, वीर चक्राची गडद निळी-केशरी, आणि मग तीन हिरव्या, केशरी रेघा अनुक्रमे एक, दोन, तीन. त्या तिघींखाली हाताने लिहिलेल्या चिठ्ठ्या ‘अशोक चक्र क्लास १’, ‘क्लास २’, ‘क्लास ३’ अशा आहेत. या एका गोष्टीने त्याचं वय ठरलं. ही नावं १९५२ मधे आली आणि १९६७ मधे दुसऱ्या-तिसऱ्या वर्गाची कीर्ती चक्र आणि शौर्य चक्र झाली. म्हणजे चिठ्ठ्या त्या पंधरा वर्षांतल्या. परमवीर चक्राचं रेखाटन सावित्री खानोलकर यांनी केलं, युरोपात जन्मून खानोलकरांच्या मराठी घरात आलेल्या, हे आपल्यापैकी बहुतेकांना माहीत आहे. पण त्या जांभळ्या फितीचा तुकडा हातात धरून ते आठवणं वेगळं असतं.

जांभळ्या फितीची लांबी बाकीच्यांपेक्षा जास्त उरली आहे. इतर नमुने कापून कापून दोन-अडीच इंचांवर आलेत, वीर चक्राची तर दीड इंचही नाही. जांभळ्या फितीच्या टोकाला मात्र कात्रीचा एकच वार दिसतो, तिरका.  काठ उघडा आहे, धागे सुटलेले. येत्या महिन्यात तेवढं टोक मोठं करून फोटो काढतो आहे.