रेवडीची घरघर आणि माझ्या तीन फुकट चकरा : माझा अनुभव

आमची कुत्री रेवडी ६ वर्षांची, वजन ७ किलो. पोमेरेनियन म्हणून आणली होती पण आहे इंडियन स्पिट्झ. गणपतीत संध्याकाळच्या आरतीला सासूबाईंनी धूप घातला आणि ही एकदम जागच्या जागी ताठ उभी राहिली. मान पुढे ताणलेली, पुढचे पाय फाकवलेले, कोपरं बाहेर, डोळे वटारलेले आणि नाकातून खर्र खर्र खर्र असा आत ओढल्याचा आवाज. मला वाटलं हिचा श्वासच अडकला. शेजारच्या वहिनी म्हणाल्या घशात हाड गेलंय, बोट घालून काढ, मी तिचं तोंड उघडायला गेले आणि तेवढ्यात सगळं थांबलं, बाईसाहेब शेपूट हलवत मोदकाच्या ताटाकडे. (बोट घालू नका हां, घाबरलेलं कुत्रं चावतं आणि खरंच काही अडकलं असेल तर ते आणखी आत जातं.)

त्या आठवड्यात असं ४-५ वेळा झालं. रात्री मी तिच्याशेजारी चटईवर झोपायचे.

आता तिला आधी ज्या जनावरांच्या क्लिनिकमध्ये नेलं त्याचं सांगते, कारण अजून आठवलं की डोकं तापतं. मुंबईत विक्रोळीच्या कन्नमवार नगरहून तिला घेऊन जायचं म्हणजे आधी रिक्षावाले कुत्रं बघून पुढे जातात, दोन-तीन जणांच्या विनवण्या केल्यावर एखादा तयार होतो. पोचलो तर टोकन १४. बाहेर प्लास्टिकच्या खुर्च्या, पंखा एक, रेवडी मांडीवर थरथरतेय. दीड तासाने नंबर लागला, डॉक्टरांनी छातीला स्टेथोस्कोप लावला, म्हणाले नॉर्मल आहे, सर्दी असेल, सिरप लिहून दिलं. मी म्हटलं सर, एकदा आवाज ऐका, मी व्हिडिओ काढलाय. तर काउंटरवरच्या ताई मध्येच म्हणाल्या, "मॅडम, डॉक्टर मोबाईल बघत नाहीत, पेशंट बघतात." डॉक्टर काहीच बोलले नाहीत, पुढचा नंबर आत आला.

दुसऱ्या वेळी परत तेच, परत दीड-दोन तास, ह्या वेळी ५ दिवसांचं अँटिबायोटिक. तिसऱ्या वेळी मी ठरवूनच गेले की फोन टेबलावर ठेवायचाच. ताईंनी सांगितलं अटॅक येईल तेव्हा घेऊन या. अहो, अटॅक अर्धा मिनिट टिकतो, रिक्षा मिळायलाच २० मिनिटं लागतात, तो टोकन नंबर लागेपर्यंत थांबणार आहे का? मी हे मोठ्याने बोलले, सगळे बघायला लागले, आणि एक लॅब्रेडॉरवाले काका हळूच म्हणाले की घाटकोपरला एक मॅडम आहेत, फोन करून वेळ देतात. त्या काकांचे उपकार मी विसरणार नाही.

घाटकोपरच्या मॅडमनी रेवडीला हात लावायच्या आधी व्हिडिओ मागितला. २० सेकंद बघितला, आवाज वाढवून परत बघितला आणि म्हणाल्या, "ही रिव्हर्स स्नीझिंग आहे, उलटी शिंक." शिंकेत हवा जोरात बाहेर जाते, ह्यात नाकातून जोरात आत ओढली जाते. नाकाच्या मागे, टाळूच्या वरच्या भागाला धूप, धूळ, परफ्यूम, फिनाईल अशा कशाचाही त्रास झाला की होतं. कधी नुसत्या आनंदाने किंवा घाईघाईत पाणी प्यायल्यानेही होतं. छोट्या कुत्र्यांमध्ये जास्त दिसतं, काही सेकंद ते मिनिटभर चालतं आणि झटका संपला की कुत्रं आधीसारखंच असतं. तिथेच खुर्चीत माझे डोळे भरून आले.

पण मॅडमनी तेवढ्यावर सोडलं नाही. हिरड्यांचा रंग बघितला, हृदय नीट ऐकलं, श्वासनलिका बाहेरून हलकेच दाबून खोकला येतो का बघितलं. कारण लहान जातींमध्ये श्वासनलिकेच्या कूर्चा कमकुवत होऊन ती चपटी होते, तेव्हा खोकला कोरडा आणि बदकाच्या क्वॅक-क्वॅकसारखा येतो, उत्साहात, उकाड्यात आणि पट्टा ओढला की वाढतो, वजन जास्त असेल तर अजूनच. तसा आवाज असेल तर एक्स-रे लागतो. वय झालेल्या छोट्या कुत्र्यांमध्ये हृदयाच्या झडपेचा आजारही असतो, तेव्हा खोकला आणि धाप दोन्ही लागतं.

मॅडमनी एक गोष्ट शिकवली ती मी रोज करते. कुत्रं गाढ झोपलेलं असताना ३० सेकंद मोजायचं छाती किती वेळा वर येते आणि दुप्पट करायचं. मिनिटाला ३० च्या खाली असेल तर ठीक, सारखं ३० च्या वर जात असेल तर डॉक्टरला फोन. रेवडीचा आकडा १८-२० येतो, फ्रिजवर कागद लावून लिहिते.

आणि हे दिसलं तर वाट बघू नका, सरळ उचला आणि निघा: जीभ किंवा हिरड्या निळ्या-करड्या किंवा पांढऱ्या पडल्या, कोसळलं, शांत बसलेलं असतानाही मान ताणून तोंड उघडून श्वास घेतंय, पोट जोरात आतबाहेर होतंय, रात्रभर आडवं पडूच शकत नाही. झटके दोन-तीन मिनिटं चालायला लागले, दिवसेंदिवस वाढले किंवा एकाच नाकपुडीतून रक्त-शेंबूड आला तरी दाखवा. पग, शिह त्झू अशी चपट्या नाकाची कुत्री तर उन्हाळ्यात घोरण्याच्या आवाजात धापा टाकत असतील तर जास्तच जपा, ती लवकर तापतात.

झटका आला तर आपण ओरडायचं नाही, आपण घाबरलो की ती अजून घाबरते. मी खाली बसते, गळ्यावरून हळूहळू हात फिरवते, कधी नाकपुड्यांवर क्षणभर बोट ठेवते म्हणजे ती आवंढा गिळते आणि थांबतं. माणसांचं सर्दीचं औषध घरातलं म्हणून चुकूनही देऊ नका, काही औषधं कुत्र्यांना विषासारखी असतात.

सासूबाईंनी धूप आता गॅलरीत लावायला घेतलाय, मी न सांगता. आणि हो, गळपट्ट्याऐवजी हार्नेस (छातीभोवती बांधायचा पट्टा) घ्या, हे खरं तर सगळ्यात आधी सांगायला हवं होतं. घेताना पुढच्या पायांच्या मागे छातीचं माप घ्या आणि दोन बोटं आत जातील एवढी जागा ठेवा. मी पहिला सैल घेतला होता, लिफ्टपाशीच त्यातून निसटून रेवडी जिन्याने तीन मजले खाली पळाली होती, वॉचमन काकांनी पकडून दिली.