जड स्टिअरिंग म्हणजे फोर्स फीडबॅक नव्हे

कॉम्प्युटरवरच्या रेसिंग गेमसाठी घरीच फोर्स फीडबॅकवालं स्टिअरिंग बनवत होतो, म्हणजे गेममधल्या टायरची ओढ मोटरने हाताला जाणवून देणारं. त्यात मागच्या पावसाळ्यात मी अख्खा महिना गाडीच्या वायपरच्या मोटरवर घालवला, ते आधी सांगतो म्हणजे तुम्ही तरी घालवू नका. जुन्या बाजारात तीनशेला मिळाली, १२ व्होल्टवर चालते, ताकद भरपूर, म्हटलं झालं आपलं काम. जोडली, गेम लावला, तर स्टिअरिंग एवढं जड की मित्र येऊन फिरवून गेला आणि म्हणाला, "लय भारी रे, एकदम ट्रक!" आणि मीपण आठवडाभर त्याच खुशीत. पण वायपर मोटरच्या आत वर्म गिअर असतो, मोटर त्याला फिरवते पण बाहेरून शाफ्ट पिळून मोटर फिरवायला गेलात तर जवळजवळ हलतच नाही. मग गाडी गवतात गेली काय, टायर सुटले काय, हाताला सगळं सारखंच जड.

गंमत जडपणात नाहीच मुळी, ते हलकं कधी पडतं त्यात आहे. वळणावर पुढचे टायर रस्ता धरून असतात तोवर स्टिअरिंग स्वतःहून सरळ व्हायला बघतं, तुम्ही त्याला दाबून धरलेलं असतं, आणि टायर पूर्ण घसरायच्या जरा आधीच ती ओढ कमी होते. असेटो कोर्सा या रेसिंग गेममध्ये मोंझाच्या ट्रॅकवर शेवटचं ते लांबलचक उजवं वळण आहे ना, पाराबोलिका, तिथे जास्त स्पीडने घुसलात तर गाडी बाहेर जाताना दिसायच्या आधी मनगटाला कळतं. पण तुमच्या जुगाडातच ढीगभर घर्षण असेल तर ही एवढीशी ढिलाई कुठे कळणार.

म्हणून दुसऱ्यांदा ई-स्कूटरची मोटर घेतली, एमवाय १०१६, २४ व्होल्ट २५० वॅट. हिच्यात गिअरच नाही, बोटांनी फिरते. टॉर्क, म्हणजे फिरवायची ताकद, एक न्यूटन मीटरच्याही थोडा आत, म्हणून मोटरला १६ दात्यांची पुली, स्टिअरिंगच्या शाफ्टला ८० ची, मध्ये टायमिंग बेल्ट, म्हणजे पाचपट, चारच्या वर सहज. लॉजिटेकच्या जी २९ या तयार गेमिंग स्टिअरिंगला दोनच्या आसपास मिळतो, तर वाईट नाही. स्टिअरिंग भंगारातल्या मारुती ८०० चं. त्याच्या कॉलमचा वरचा दातेवाला तुकडा कापून २० एमएमच्या रॉडला वेल्डिंग मारायचं होतं, लेथवाले काका म्हणाले कशाला पाहिजे, म्हटलं गेम खेळायला. काकांनी चष्मा वर केला. "लग्न झालंय का तुमचं?"

बाकीचा माल पुण्यात बुधवार पेठेत तपकीर गल्लीत फिरून आणला. हे सगळं चालवणारा कंट्रोलर बोर्ड अर्डुइनो लिओनार्डोच घ्या, घरात पडलेला उनो नको, लिओनार्डोची चिप स्वतःच यूएसबी बोलते त्यामुळे कॉम्प्युटरला तो सरळ गेमचं स्टिअरिंग म्हणून दिसतो. बोर्डाच्या हुकमाप्रमाणे मोटरला करंट द्यायला बीटीएस ७९६० ड्रायव्हर, आणि शाफ्ट किती फिरला ते मोजायला त्याच्यावर ६०० पल्सचा एन्कोडर, त्याचे एका फेऱ्यात २४०० टप्पे मोजता येतात, म्हणजे ९०० अंशात ६०००. पुरे झाले.

आता मेन किस्सा. सगळं जोडलं, चालू केलं, स्टिअरिंग शांत. मी अंगठे आत घालून, अगदी गाडीत धरतो तसं, जरासं डावीकडे वळवलं आणि ते हातातून सुटून गरागरा डावीकडे पळालं, आडवी दांडी अंगठ्यावर बसली, पंधरा दिवस नख काळं. झालं काय होतं तर मोटरच्या दोन वायरी उलट्या. मोटरने स्प्रिंगसारखं ओढून मधे आणायचं तर ते मधून लांब ढकलत होतं, जेवढं लांब तेवढा जोर जास्त. वायरी बदलल्या की दोन मिनिटांत सुतासारखं सरळ. पण त्या दिवशीच थाप मारली की बंद करणारा लाल मशरूम स्विच आणला आणि मोटरच्या सप्लायमध्ये टाकला, तो डाव्या गुडघ्याशी असतो. टेस्टिंगला ताकद १० टक्क्यांवर ठेवा आणि अंगठे बाहेर ठेवा, बाकी काही ऐकलं नाही तरी चालेल.

अजून एक त्रास, जोरात झटका देऊन फिरवलं की मोटरला वीज देणारा एसएमपीएस बंद पडतो, कारण मोटर तेवढ्यापुरती डायनामो होते आणि करंट उलटा सप्लायमध्ये घुसतो. त्यावर अजून पक्का उपाय केलेला नाही, झटके देत नाही बस.

परवा बाबा येऊन बसले. वीस वर्षं मॅटाडोर चालवलेला माणूस, पॉवर स्टिअरिंग नसलेली. मला वाटलं आता म्हणतील काय पोरखेळ. एक लॅप झाला, दुसरा झाला, काही बोलेनात.

"हिचं अलाइनमेंट गेलंय रे."

"बाबा, गेम आहे तो."

"असेल. सरळ रस्त्याला डावीकडे धरायला लागतंय."

बघितलं तर खरंच. हा एन्कोडर चालू करताना जिथे असेल त्यालाच मध्य धरतो, आणि सकाळी मी केबल लावली तेव्हा स्टिअरिंग वाकडं होतं. यूएसबी काढली, नीट सरळ धरून परत लावली.

"झालं?" बाबा म्हणाले. "गॅरेजवाला साडेतीनशे घेतो याचे."