हमिंगबर्डचा गळा आणि ६ बीची पेन्सिल

शाळेच्या आठवणी लिहा म्हटलं, तर मधल्या सुट्टीतल्या खोड्या, स्नेहसंमेलनं आणि सहली यांवर लिहिणारे माझ्या वर्गात पुष्कळ आहेत, ते काम त्यांच्याकडेच राहू दे. मला या शाळेतून मिळालेली आणि आजही रोज कामी येणारी गोष्ट म्हणजे चित्रकलेचा तास. एलिमेंटरी-इंटरमिजिएट या सरकारी चित्रकला परीक्षांच्या वस्तुचित्राची तयारी करून घेताना सर आधी आकार, मग उजेड आणि सगळ्यात शेवटी बारकावा असा क्रम लावून देत. पक्ष्यांची पेन्सिलचित्रं मी त्याच क्रमानं काढतो. हल्लीची मुलं मोबाइलवर बघून हमिंगबर्ड काढतात आणि बहुतेकांची गाडी त्याच त्या जागी अडते, म्हणून त्याच्यावरच लिहितो.

आधी एक खुलासा. हमिंगबर्ड आपल्याकडे नाही. तो फक्त उत्तर आणि दक्षिण अमेरिकेत आणि तिथल्या बेटांवर. बीड-लातूरच्या अंगणात जास्वंदीवर कुणाला तो ‘दिसला’, तर तो शिंजीर (सनबर्ड) असतो, नाहीतर फुलापुढे तरंगत लांब सोंडेनं मध ओढणारा पतंग. त्यामुळे पळसाच्या फुलावर हमिंगबर्ड काढू नये, पळसावर शिंजीरच शोभतो. जास्वंद मात्र तिकडच्या बागांतही लावतात, ती चालेल.

नमुना म्हणून रूबी-थ्रोटेड, म्हणजे माणकासारख्या लाल गळ्याच्या जातीचा नर घ्यावा. चोचीच्या टोकापासून शेपटीपर्यंत हा ७ ते ९ सेंटिमीटर, वजन ३ ग्रॅमच्या आसपास. मापात काढला तर डोळ्याला जागाच उरत नाही, म्हणून १५ × ११ इंची कार्ट्रिज कागदावर दुपटीनं, साधारण १७-१८ सेंटिमीटरचा काढावा. त्यात चोच साडेतीन, डोक्याचं वर्तुळ पावणेतीन, अंगाचं अंडं साडेसहा आणि शेपटी पाच सेंटिमीटर धरा. आकार एकमेकांत थोडे शिरतात, म्हणून बेरीज जुळवत बसू नये. एक पंख आठ-नऊ सेंटिमीटर, म्हणजे जवळजवळ डोकं आणि अंग मिळून होईल तेवढा. मुलं तो हमखास आखूड काढतात आणि मग चित्रातला पक्षी लठ्ठ दिसतो.

पहिली रेघ कण्याची, २ एचनं, अगदी हलकी. (एचची पेन्सिल कडक आणि फिकी, बीची मऊ आणि गडद, एचबी मधली; बीचा आकडा वाढेल तशी ती जास्त काळी.) तरंगताना अंग साधारण ४५ अंशात उभं असतं आणि चोच आडवी किंवा किंचित वर. म्हणजे मानेपाशी कोन पडतो. चोच, पाठ आणि शेपटी एका सरळ रेषेत घेतली की पक्षी कुठेतरी निघालेला वाटतो, फुलापाशी थांबलेला वाटत नाही. अजिंठ्याच्या दोन नंबरच्या लेण्यात छतावरची हंसांची रांग नीट बघा. अंगं जवळपास सारखी, पण एकाची मान दुसऱ्यासारखी नाही. सगळा जीव त्या वळणात आहे.

२ एच दाबून कधीही वापरू नये. कागदात चर पडते आणि पुढे तिच्यावर गडद छटा दिली की तिथं पांढरी रेघ उमटते. (हीच खोड मुद्दाम वापरता येते. शाई संपलेल्या बॉलपेननं आधीच बारीक रेघा दाबून ठेवल्या, तर पोटाकडची पांढरी पिसं वेगळी रंगवावी लागत नाहीत.)

चोच पट्टीनं आखू नका, ती सुईसारखी मेलेली दिसते. तिला बुडाशी जाडी असते, मधून दोन जबड्यांची रेघ जाते आणि कपाळाची बारीक पिसं थोडी चोचीवर उतरलेली असतात. कागद फिरवून घ्यावा आणि ब्लेडनं टोक काढलेल्या एचबीनं बुडाकडून टोकाकडे एका दमात रेघ ओढावी. डोळा तोंडाच्या कोपऱ्याच्या जरा वर आणि मागे. तो वर्तुळाच्या मध्यावर काढला की चेहरा कोंबडीच्या पिलाचा होतो. डोळ्यातला पांढरा ठिपका कागदाचाच राखावा, मागून खोडरबरनं काढलेला ठिपका राखाडीच राहतो. या नराच्या डोळ्यामागे एक बारीक पांढरा डाग असतो, तो विसरू नये.

आता पंख. सगळ्यात जास्त चित्रं इथंच बिघडतात, कारण आपल्या नजरेत कबूतर आणि बगळा असतो. त्यांच्या पंखाला कोपराचा बाक दिसतो. हमिंगबर्डच्या दंडाची आणि कोपरापुढची हाडं फार आखूड, अंगाच्या पिसांतच लपलेली. जो दिसतो तो जवळजवळ सगळा मनगटापुढचा, हाताच्या पंजाचा भाग. म्हणून मधे कोपर न काढता खांद्यापासूनच अरुंद, विळ्यासारखं वळलेलं पातं घ्यायचं. त्यात मोठी पिसं दहा. बाहेरची सगळ्यात लांब, अंगाकडे येताना आखूड होत जाणारी. आधी पुढची कड, मग मागची कड, मग दहा दांड्या आणि शेवटी पिसांच्या कडा. पंख वरून दिसत असेल तर आतलं पीस बाहेरच्या पिसावर चढलेलं दिसतं, खालून दिसत असेल तर उलट. दोन्ही पंखांत एकच पद्धत गिरवली की काहीतरी चुकलंय हे कळतं, पण काय ते सापडत नाही. शेपटीत पिसं दहा. यंत्रानं बनवलेली चित्रंही आता फोटो म्हणून फिरतात, तेव्हा नमुना घेण्याआधी पिसं मोजून पाहावीत.

पंख सेकंदाला ५० च्या आसपास वेळा हलतात, त्यामुळे स्पष्ट पिसं फक्त झटपट कॅमेऱ्यालाच दिसतात. धूसर पंख काढायचा असेल तर २ एच आडवी धरून पंख ज्या कमानीत फिरतो त्याच दिशेनं छटा द्यावी, पुढची कड जरा गडद, मागची विरलेली. बोटानं घासू नये. आपल्याकडे एप्रिल-मे मध्ये हाताला घाम असतोच, तो कागदावर चढला की तिथं पेन्सिल डाग धरते आणि मग निघत नाही. हाताखाली कोरा कागद ठेवावा. पाय काढायचा मोह आवरावा, तरंगताना ते पोटाच्या पिसांत गेलेले असतात.

गळा शेवटी. तो लाल रंग रंगद्रव्याचा नसतो. पिसांच्या आत अतिसूक्ष्म चपट्या थरांवरून उजेड परततो आणि ठरावीक कोनातच लाल पेटतो, मान जरा वळली की तोच गळा काळा. पेन्सिलवाल्याला याचा अर्थ एवढाच की इथं मधल्या राखाडीचा उपयोग नाही. काळ्याला खेटून कोरा कागद आला पाहिजे. मंगलोरी कौलांसारख्या एकाआड एक रांगा आखाव्यात, चोचीपाशी दोन मिलिमीटरची खवली, खाली छातीकडे तीन-चारची. उजेडाकडच्या पाच-सहा खवल्या कोऱ्या सोडा, त्यांना फक्त बुडाशी बारीक सावली. त्यांच्या लगतच्या थेट गडद. सबंध गळा सारखा घोटला की गळपट्टा बांधल्यासारखा दिसतो.

गडदपणाही एकदम येत नाही. आधी २ बी, वर ४ बी, शेवटी ६ बी आणि तीही हलक्या हातानं, दोन-तीनदा. ६ बी दाबून घासली की कागदाचा खडबडीतपणा मोडतो, शिसं गुळगुळीत होऊन चमकतं आणि काळं होण्याऐवजी उजेडात पांढरट दिसतं. त्यावर पुन्हा काही चढत नाही. अशा वेळी खोडरबर घासण्यापेक्षा कणकेसारखा मळता येणारा मऊ पुटी रबर दाबून शिसं उचलावं.

पांढऱ्या पोटाला बाह्यरेषा नको. मागे एचबीची फिकी छटा द्यावी म्हणजे पोट आपोआप पुढे येतं. पोट खालच्या बाजूला असल्यानं सावलीत असतं, तेव्हा त्यालाही २ एचचा एक हात हवा.

सराव मात्र जिवंत पक्ष्यावर करावा, आणि तो शिंजीर. फाल्गुनात पळस फुलला की दहा-पंधरा मिनिटांत तो येतोच. चोच खाली वाकलेली, शेपटीत पिसं बारा, आणि तो क्वचितच तरंगतो, बहुधा देठाला धरून बसतो. तेव्हा इथं पाय काढावे लागतात: तीन बोटं पुढे, एक मागे. विणीचा काळ सरला की नराची निळी-जांभळी झळाळी जाते आणि गळ्यापासून पोटापर्यंत एक काळा पट्टा उरतो. हा पट्टा अंगाच्या गोलाईवरून कसा वळतो ते टिपलं तर छातीचा उठाव समजतो. २ बी आणि छोटी वही पुरे. एका बसण्यात फक्त कण्याची रेघ आणि चोचीचा कोन, बाकी काही नाही.

पूर्ण चित्रावर फिक्सेटिव्ह (पेन्सिल पुसली जाऊ नये म्हणून मारायचा फवारा) मारायचं तर उघड्यावर, फूटभर अंतरावरून, दोन हलके हात, मधे सुकू देऊन. जवळून मारलं तर थेंब पडतात. छटा किंचित गडद होते, आणि त्यानंतर खोडरबर चालत नाही, म्हणून डोळ्याचा ठिपका आधी तपासून घ्यावा.